पश्चिम हिंदी महासागर: गलबत पकडलं, पण खटला कुठे चालवायचा?

खारेवारे:
31 मार्च 2025 रोजी 'आयएनएस तर्कश'ने पश्चिम हिंदी महासागरात एका गलबतावरून 2,386 किलो चरस आणि 121 किलो हेरॉइन पकडलं. अशा बातम्यांत किलो येतात, खटल्याचं नाव येत नाही. इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्या या मार्गासाठी किनाऱ्यावरचे देश प्रादेशिक धोरण करायला बसतात, तेव्हा पहिलं प्रकरण गस्त, रडार आणि माहिती केंद्रांचं असतं. न्यायालयाचा विषय शेवटी, दोन परिच्छेदांत उरकतात. माझं म्हणणं असं की लिखाण उलट्या टोकाने करावं. खटला कोणत्या देशात, कोणत्या कलमाखाली, कोणत्या पुराव्यावर चालणार ते आधी ठरवा आणि तिथून मागे मागे येत नौकेपर्यंत पोहोचा.

कारण कायद्यातच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या कलम 105 नुसार चाच्यांना कोणताही देश पकडून स्वतःच्या न्यायालयात उभं करू शकतो. अमली पदार्थांना ही सोय नाही. कलम 108 फक्त 'सहकार्य करा' म्हणतं. कलम 110 खाली राष्ट्रीयत्व नसलेल्या नौकेवर चढता येतं, पण चढणं आणि खटला भरणं या दोन वेगळ्या गोष्टी. नौकेवर झेंडा असेल, म्हणजे ती एखाद्या देशात नोंदलेली असेल, तर 1988 च्या अमली पदार्थ कराराच्या कलम 17 प्रमाणे त्या देशाची संमती लागते. म्हणून अनेक देशांच्या नौदलांच्या, बहरीनस्थित संयुक्त सागरी दलाच्या युद्धनौका वर्षानुवर्षं माल समुद्रात नष्ट करून खलाशांना सोडून देत आल्या.

धोरणात तीन गोष्टी नेमक्या हव्यात. पहिली, राष्ट्रीयत्व नसलेल्या नौकेवर आपला कायदा चालतो अशी तरतूद प्रत्येक देशाच्या फौजदारी कायद्यात. अमेरिकेने ती 1986 मध्येच केली. दुसरी, झेंड्याच्या चौकशीसाठी प्रत्येक देशात 24 तास उत्तर देणारा एक अधिकारी आणि त्याचा पर्यायी माणूस, पदनामासह. खातं कळवून भागत नाही, कारण शुक्रवारी दुपारी खात्याचा फोन कुणी उचलत नाही. तिसरी, पुराव्याचा एकच नमुना: स्थान दोन वेगळ्या यंत्रांवर नोंदवणं, नौकेवर चढल्यापासून सलग चित्रीकरण, प्रत्येक गोणीला वेगळा क्रमांक, पंचनाम्यावर सही करणाऱ्या नौसैनिकाची पुढे दूरदृश्य साक्ष घेण्याची सोय आणि बलुची जाणणारा दुभाषी.

यातलं एक जरी निसटलं तर काय होतं ते मुंबईने पाहिलं आहे. 1999 मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं जहाज पळवणाऱ्यांना आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने पकडून मुंबईत आणलं. 2003 मध्ये सत्र न्यायालयात शिक्षा झाली, 2005 मध्ये उच्च न्यायालयात सगळे सुटले. चाचेगिरीवर स्वतंत्र कायदाच तेव्हा नव्हता. उलट मार्च 2024 मध्ये 'एमव्ही रुएन' या पळवलेल्या जहाजावरचे 35 सोमाली चाचे 'आयएनएस कोलकाता'ने मुंबई पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा 2022 चा चाचेगिरीविरोधी कायदा हाताशी होता.

बंदररोड:
खारेवारे, मांडणी नेटकी आहे, पण न्यायालयापासून सुरुवात हा प्रयोग या किनाऱ्यावर होऊन गेला आहे. 2009 मध्ये युरोपीय संघाने केनियाशी करार केला: चाचे आम्ही पकडू, खटले तुम्ही चालवा. 2010 मध्ये मोंबासाजवळ शांझूला खास न्यायदालनही उभं राहिलं. त्याच वर्षी केनियाने करारातून माघार घेतली. स्थानिक खटले आधीच तुंबलेले, त्यात परक्यांचे कैदी. नोव्हेंबरमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तर असे खटले चालवण्याचा अधिकारच नाकारला. अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला 2012 मध्ये. दोन वर्षं सगळं अधांतरी.

आणि ज्यांच्यासाठी माल येतो त्यांचं काय? मोंबासाच्या अकाशा बंधूंना नोव्हेंबर 2014 मध्ये अटक झाली. प्रत्यार्पणाचा खटला दोन वर्षांहून जास्त रेंगाळला. तो लांबवण्यासाठी केनियातल्या न्यायाधीशांना आणि पोलिसांना लाच दिल्याचं पुढे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. जानेवारी 2017 मध्ये त्यांना न्यूयॉर्कला नेलं, तेव्हा कुठे बक्ताशला 25 वर्षांची शिक्षा लागली. ज्या साखळीची सगळ्यात कमकुवत कडी न्यायालय आहे, तिची सुरुवात तिथून करायची?

धोरणाचा पाया बंदर आणि पैसा असावा. बंदरात सीमाशुल्क, पोलीस आणि बंदर प्राधिकरण यांचं एका खोलीत बसणारं पथक हवं. ते कंटेनर फोडत बसत नाही, कागद वाचतं: माल घेणारी कंपनी कालपरवा नोंदलेली, भाडं रोखीत भरलेलं, आणि त्या देशात स्वस्तात मिळणारा माल परदेशातून मागवलेला. अशी पथकं बसतात कुठे, तर प्रशिक्षण घेतलेला माणूस वर्षाच्या आत बदली होऊन जातो. म्हणून करारातच किमान तीन वर्षांची नेमणूक लिहून घ्यावी, आणि मदतीचा पुढचा हप्ता त्या अटीला बांधावा.

खारेवारे:
बंदररोड, केनियाने माघार घेतली ती न्यायालय आधी ठरवलं म्हणून नव्हे, सगळा भार एकाच देशावर टाकला म्हणून. सेशेल्सकडे बघा. जेमतेम लाखभर लोकवस्तीचा देश. चाच्यांचे खटले त्याने घेतले, पण शिक्षा झालेले कैदी सोमालियाच्या सोमालीलँड आणि पुंटलँड या भागांतल्या तुरुंगांत पाठवायची व्यवस्था त्याबरोबरच करून घेतली. खटला एकीकडे, तुरुंग दुसरीकडे, खर्च तिसऱ्याचा, ही वाटणी आधी लिहिलेली होती म्हणून ते टिकलं. अकाशांच्या बाबतीतही शेवट झाला तो पलीकडे एक न्यायालय पुरावा घेऊन तयार होतं म्हणूनच.

शिवाय पुराव्याची शिस्त नसेल तर बंदरातही हेच होतं. 2014 मध्ये मोंबासाला 'अमीन दर्या' या नौकेत सुमारे 370 किलो हेरॉइन सापडलं. खटला सुरू असतानाच, ऑगस्टमध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत ती नौका स्फोटाने बुडवली. मुद्देमालच समुद्राच्या तळाशी गेला.

पंचनामा:
एक गोष्ट दोघांकडूनही राहिली: ताबा घेतल्यापासून न्यायाधीशासमोर उभं करेपर्यंतचा काळ. 2002 मध्ये फ्रान्सने 'विनर' हे कंबोडियाचा झेंडा असलेलं जहाज अमली पदार्थांच्या संशयावरून केप व्हर्देजवळ अडवून 13 दिवसांनी आपल्या ब्रेस्ट बंदरात आणलं. कंबोडियाने जहाज अडवायला पत्राने संमती दिली होती, पण त्या पत्रातून खलाशांना डांबून ठेवायचा पुरेसा कायदेशीर आधार मिळत नाही, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2010 मध्ये दिला. धडा सरळ आहे. संमतीच्या छापील नमुन्यातच चढणं, झडती, माल जप्त करणं, माणसं ताब्यात ठेवणं आणि खटल्याचा अधिकार सोडणं या पाच गोष्टींसमोर वेगवेगळी हो किंवा नाही हवी. मोघम 'आमची हरकत नाही'वर कुणी माणसं डांबू नयेत. हे खलाशी बहुतेक गरीब मच्छीमार असतात, त्यांचेही हक्क आहेत.

नांगर:
माझा विरोध तुम्हा दोघांना आहे. वाद चाललाय हेरॉइनच्या जुन्या नकाशावर. तालिबानने एप्रिल 2022 मध्ये अफूवर बंदी घातली आणि 2023 मध्ये अफगाणिस्तानातली लागवड 2 लाख 33 हजार हेक्टरवरून 10,800 हेक्टरवर आली. आज गलबतांवर मेथॅम्फेटामाइन येतंय. त्याला शेत लागत नाही, हंगाम लागत नाही. हेरॉइनसाठी लिहिलेलं पाच वर्षांचं धोरण दुसऱ्याच वर्षी शिळं होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाच्या संघटित गुन्हेगारीवरच्या धोरण-मार्गदर्शिकेत चार खांब आहेत: प्रतिबंध, पाठलाग (म्हणजे तपास आणि खटले), संरक्षण आणि सहकार्याला चालना. प्रत्यक्षात पैसा आणि माणसं पाठलागातच संपतात. सेशेल्समध्ये लोकसंख्येच्या मानाने हेरॉइनचं व्यसन जगात सर्वाधिक असलेल्या देशांइतकं आहे. खटले चालवून ते कमी झालेलं नाही. यशाचं माप पकडलेले किलो नको. रस्त्यावरचा भाव, मालाची शुद्धता आणि उपचार केंद्रात येणारी माणसं हे माप हवं, आणि ते दर सहा महिन्यांनी सगळ्या देशांनी एकाच पद्धतीने मोजायला हवं. भाव पडत असेल तर किती गलबतं पकडली याला अर्थ नाही.

बंदररोड:
नांगर, मापाबद्दल पूर्ण सहमत. पण भाव कळला तरी माल कुणाचा ते कळत नाही. ते कळतं तांडेलाच्या सॅटेलाइट फोनमधून आणि जीपीएसच्या जुन्या नोंदींतून. माल नष्ट करून गलबत सोडताना या दोन वस्तूंची शास्त्रशुद्ध नक्कल घेणं सक्तीचं करा. न्यायालय असो वा नसो, हवालाच्या तपासाला धागा मिळतो. फक्त एक जपा: दोन देशांच्या आर्थिक गुप्तवार्ता कक्षांनी एकमेकांना दिलेली माहिती खबर म्हणून चालते, पुरावा म्हणून नाही. त्यासाठी पालेर्मो कराराच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या, कलम 18 खाली परस्पर कायदेशीर मदतीची वेगळी विनंती लागते, आणि ती पहिल्याच आठवड्यात पाठवलेली बरी.

खारेवारे:
फोनच्या नकलेचा मुद्दा मान्य. माझ्या पुराव्याच्या नमुन्यात तोही धरा. पण ती नक्कल कुठल्या तरी न्यायालयात ग्राह्य ठरायची असेल तर ती कशी घ्यायची हे त्याच न्यायालयाला विचारावं लागणार, म्हणून माझा क्रम मी बदलत नाही.

पंचनामा:
मग आपल्या घरापासून सुरू करा. आपला अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा भारतभर, परदेशातल्या भारतीय नागरिकांना आणि भारतात नोंदलेल्या जहाजांवरच्या माणसांना लागू आहे. खुल्या समुद्रातलं झेंडा नसलेलं गलबत आणि त्यावरचे परदेशी खलाशी कलम 1(2) मध्ये कुठे बसतात? चाचेगिरीची फट 2022 च्या कायद्याने भरली. ही फट भरली नाही तर सेशेल्सला कायदा बदला असं कोणत्या तोंडाने सांगणार?