सुट्टीत पोरं कृष्णेवर न्यायची की टँकवर?

गावभागकर
सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या मंडळाची परवा बैठक झाली. गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे उरलेत, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांसाठी खर्च करायचे इथपर्यंत सगळ्यांचं जमलं. पुढं जे फाटलं ते इथं मांडतोय, कारण बैठकीत कुणी कुणाला बोलूच दिलं नाही.

माझा प्रस्ताव साधा आहे. 1 मेपासून पंधरा दिवस सकाळी सहाला पोरांना सरकारी घाटावर न्यायचं आणि कृष्णेत पोहायला शिकवायचं. संध्याकाळी ऊन उतरलं की मोकळ्या प्लॉटवर लगोरी, विटीदांडू. शेवटच्या दिवशी भडंग आणि कलिंगड. फी काही नाही. समोरची मंडळी म्हणतात स्विमिंग टँकची बॅच घ्या, नदीचं नावच काढू नका.

मी सातव्या वर्षी नदीत शिकलो. वडिलांनी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, म्हणजे तरंगणाऱ्या हलक्या लाकडाचा ओंडका, बांधला आणि कमरेएवढ्या पाण्यात सोडून दिलं. चौथ्या दिवशी बिंडा सैल बांधला, आठव्या दिवशी सोडलाच, आणि मला कळलंच नाही. नदीकाठच्या गावात वाढून पोराला नदीची ओढ म्हणजे काय ते माहीत नसावं? ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा अर्धी पोरं माळ्यावर बसून रडत होती. चार फुटांच्या निळ्या पाण्यात शिकलेलं पोर अशा वेळी काय करणार?

दोन पोरांची आई
दादा, बिंडा वगैरे सगळं ऐकायला गोड वाटतं. मगरीचं काय? औदुंबर, भिलवडी, डिग्रज, कुठं ना कुठं मगर दिसल्याचा व्हिडिओ दर महिन्याला येतो. तुम्ही सात वर्षांचे होता तेव्हा येत होता का? माझी पोरं घाटावर येणार नाहीत. बाकी लगोरीला पाठवते.

मळीवाला
वैनी, मगर काय घाटावर बसून पोरं मोजत न्हाई. आमची मळी नदीला लागून हाय, जनावरं रोज पाण्यावर जात्यात. माणसं असली, दंगा असला की ती लांबच असती. आमी अजून पवतोय की. आन आयर्विनवरनं उड्या मारणारी पोरं काय टँकवर शिकल्यात व्हय?

काठावरचा
मळीवाले भाऊ, तुमच्या अनुभवाला हात लावत नाही, पण महिना चुकतोय. आपल्या नदीतली मगर उन्हाळ्याच्या तोंडाला काठावरच्या मातीत, वाळूत खड्डा करून अंडी घालते. पिल्लं बाहेर यायला दोनेक महिने लागतात, म्हणजे साधारण मे-जून. तोवर मादी घरट्याच्या आसपास असते आणि एरवी दंग्याला बिचकणारी तीच मादी तेव्हा अंगावर येऊ शकते. त्यात उन्हाळ्यात पाणी कमी, म्हणजे डोह तेवढेच उरतात. माणूस, म्हैस, मगर सगळे त्याच डोहात. तिला पकडून दुसरीकडं न्या म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: 1972 च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, मंडळाच्या ठरावानं ती हलत नाही.

मगर बाजूला ठेवली तरी गावचं सांडपाणी नदीत आणणारा शेरीनाला आहेच. पोर शिकताना पाणी गिळतं, दहा वेळा गिळतं. मे महिन्यात नदीला वाहतं पाणी राहणं कोयनेतून किती सोडतात त्यावर. प्रवाह थांबला की हिरवा थर धरतो आणि मासे उलटे तरंगतात. हे सांगलीत कुणाला सांगायला नको.

गावभागकर
शेरीनाल्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण मग असंच म्हणायचं का, की नदी घाण झाली म्हणून पोरांना तिच्याकडं पाठ करून वाढवायचं? लोक घाटावर उतरत होते तोवर पाण्याला वास आला की बोंब तरी व्हायची. आता वास आला की गाडीची काच वर होते.

शिट्टीवाला
मी बावीस वर्षं पोरांना पोहायला शिकवतोय, त्यातली पहिली सहा नदीवर. म्हणून थोडं लांबट लिहितो.

बुडणारं पोर ओरडत नाही. सिनेमात हात वर करून ओरडतात, खऱ्यात तसं होत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला आलेलं असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडायचं कशानं? मान मागं पडते, पाय उभे राहतात, आणि बाजूच्याला वाटतं खेळतंय. टँकमध्ये मला तळाची फरशी दिसते. एखादं पोर खाली बसलं तर काठावरून दिसतं. आपल्या नदीत हाताचं कोपर बुडालं की बोटं दिसत नाहीत. वीस पोरं नेलीत आणि एकोणीस मोजलीत, तर विसावं कुठं शोधणार?

दुसरं, वाळू उपशाचे खड्डे. जुनी माणसं म्हणतात, आम्हाला तळ पाठ आहे. तो तळ आता राहिला नाही. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल दोन पुरुष खोलीत पडतं.

आणि पुरात पोहायचं म्हणाल तर पट्टीच्या पोहणाऱ्यानंही उतरू नये. 2019 ला ब्रह्मनाळला पुरातली माणसं नेणारी नाव उलटली आणि माणसं बुडाली, ती आठवण काढून कुणाला दुखवायचं नाही. पण तसल्या पाण्यात हातपाय मारून काठ गाठता येत नाही, मदत येईपर्यंत तरंगत राहणं तेवढं हातात असतं. ते तरंगणं शिकवता येतं, आणि टँकमध्येच नीट शिकवता येतं. माझी पोरं पहिले तीन दिवस पोहतच नाहीत. कठड्याला धरून तोंडानं श्वास घ्यायचा, पाण्यात नाकानं सोडायचा, बास. मग उताणं पडून कान पाण्यात. कान बुडाले की घाबरतात, मूठ इतकी आवळतात की नखं तळव्यात रुततात. ती मूठ सुटली की निम्मं काम झालं. शेवटच्या दिवशी मी त्यांना शाळेच्या कपड्यांत उतरवतो. ओली पँट किती जड होते ते एकदा कळायला हवं.

गावभागकर
शाळेच्या कपड्यांत उतरवणं हे पटलं. पण टँकच्या फीचं बोला की. आमच्या गल्लीत दोन पोरांची महिन्याची फी म्हणजे एका घराचा किराणा. मंडळाकडं उरलेत त्यात दहा पोरांची बॅच होईल, पोरं आहेत सत्तावीस. कुणाची नावं काढायची?

नाट्यवेडा
मधेच बोलतो, क्षमस्व. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्यावर आपण नाट्यपंढरी म्हणवून घेतो, आणि सुट्टीत पोरांना एक नाटुकलं बसवून देत नाही. पोहणं राहू दे, नाटक घ्या. सत्तावीसच्या सत्तावीस मावतील, कुणी बुडणार नाही.

मळीवाला
नाटकात बुडालेली लई माणसं बगितल्यात.

विहिरीतला बेडूक
तिसरा रस्ता कुणी बोललंच नाही. विहीर. आम्ही तासगाव भागातले, सगळे विहिरीत शिकलो. पाणी स्वच्छ, मगर नाही, प्रवाह नाही, काठाला दोर बांधता येतो. कुणाच्या तरी पाहुण्यांचं रान असेलच.

शिट्टीवाला
विहिरीला माझी ना नाही, पण मोटर बघा. शेतीची लाइट पाळीनं येते आणि बऱ्याच ठिकाणी ऑटो स्विच असतो. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. केबल सोललेली असली तर पाण्यात करंट. उतरण्याआधी पेटीतले फ्यूज काढून खिशात टाकायचे, शेजाऱ्याच्या नाही, स्वतःच्या. आणि पायऱ्या नसलेली विहीर नको. दमलेलं पोर दोरानं वर येत नाही.

दोन पोरांची आई
फ्यूज खिशात घेऊन बसणारा एक माणूस आणि दोर धरणारे दोघे असतील, तर मी विहिरीला तयार आहे. घाटाला अजूनही नाही. आणि मुलींची वेळ वेगळी ठेवा, नाहीतर सत्तावीसमधल्या अकरा जणी काठावर बसून कपडे सांभाळतील. दर वर्षी हेच होतं.

गावभागकर
अकरा मुली आहेत हे मी मोजलंच नव्हतं. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांपुढं मुलगेच होते.

मग असं करूया का? मंडळाच्या पैशातून टँकवर एक बॅच घेऊ आणि पाच-पाच दिवसांनी पोरं बदलू. शिट्टीवाले सर म्हणतात तसं तरंगण्यापुरतं तरी सगळ्यांना येईल. ज्यांना पुढं यायचंय ते रविवारी विहिरीवर, मुलींची पाळी पहिली. नाटकाचं संध्याकाळी बघू, पण रात्री दहाच्या आत माइक बंद. घाटावर एक दिवस मात्र मी नेणारच. पाण्यात नाही उतरवणार, पायऱ्यांवर बसवून ओढ कशी बघायची, भोवरा कसा ओळखायचा, 40 फुटांची इशाऱ्याची आणि 45 फुटांची धोक्याची खूण कुठं ते दाखवणार.

जाता जाता, पांगाऱ्याचा बिंडा कुणाकडं आहे का?

मळीवाला
आमच्या माळ्यावर आज्ज्याचा हाय. एका बाजूनं वाळवीनं खाल्लाय, बारक्या पोराला चालंल.

शिट्टीवाला
आधी मी तो बादलीत बुडवून बघणार.