मदत हवी आहे: टीएलसी संपतच नाही

अर्धवटराव
ऑर्डर-पेमेंटच्या मेसेज क्यूचं (मेसेजच्या रांगेचं) स्पेसिफिकेशन टीएलए प्लसमध्ये, म्हणजे सिस्टीमने कसं वागावं हे गणिती पद्धतीने मांडायच्या भाषेत, लिहिलंय. ते तपासणारं टूल टीएलसी कालपासून चालू आहे, स्टेट्सचा (सिस्टीमच्या शक्य अवस्थांचा) आकडा फुगतोच आहे. सोमवारी टीमला दाखवायचंय. वेग कसा वाढवू? जरा लवकर सांगा.

चहाबाज
कॉन्फिग फाइल टाका. कन्झ्युमर (मेसेज घेणारे) किती, मेसेज किती?

अर्धवटराव
कन्झ्युमर ३. बाकी नेहमीसारखंच.

चहाबाज
नेहमीसारखं म्हणजे काय डोंबल? मेसेज हरवला तर पुन्हा पाठवता का?

मनमौजी
सिमेट्री लावा, म्हणजे सगळे कन्झ्युमर सारखेच धरून टीएलसी कमी स्टेट्स तपासेल. पटकन होईल.

चहाबाज
लाइव्हनेस, म्हणजे हवी ती गोष्ट कधी ना कधी घडतेच का, हे तपासत असतील तर नको. चूक असूनही टीएलसी सगळं ठीक म्हणू शकतं.

जुनं_खोड
मुळात स्पेसिफिकेशन प्रोग्रामसारखं चालवायचंच कशाला? हेज आणि जोन्स या संगणकशास्त्रज्ञांनी १९८९ सालीच बजावलं होतं. चालवण्याचा आग्रह धरला की 'काय हवं' राहतं बाजूला आणि लोक 'कसं करायचं' लिहीत बसतात. सॉर्टिंगचं घ्या: उत्तर चढत्या क्रमाने असावं, त्यात मूळ यादीतलेच सगळे घटक तितक्याच वेळा असावेत. संपलं. यात अल्गोरिदम कुठे आहे?

मनमौजी
आणि १९९२ मध्ये फुक्स यांनी त्यांचीच उदाहरणं चालतील अशी लिहून दाखवली, ते सोयीस्कर विसरलात! ॲमेझॉनला त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमधला एक बग टीएलसीनेच दाखवला. तिथवर पोचायला किमान ३५ पायऱ्या लागत होत्या. कागदावर वाचून सापडला असता?

जुनं_खोड
ते मॉडेल चेकिंग, म्हणजे शक्य त्या सगळ्या स्टेट्स तपासून चूक शोधणं. मी बोलतोय ते वेगळं.

पुणेरी_पायथन
एवढा खटाटोप कशाला, पायथनमध्ये हायपोथेसिस ही टेस्टिंगची लायब्ररी वापरा. आम्ही तेच करतो.

सायली_९
टीएलए प्लस बनवणाऱ्या लॅम्पोर्ट यांचे त्यावरचे व्हिडिओ फुकट आहेत, नवख्यांनी जरूर बघा.

अर्धवटराव
व्हिडिओ नकोत, उत्तर हवंय. चहाबाज, हो, पुन्हा पाठवतो. दर वेळी रिट्राय काउंटर एकने वाढतो.

चहाबाज
हे आधी सांगायचंत की! काउंटरला वरची मर्यादा नाही, म्हणजे प्रत्येक वाढीला नवी स्टेट. कितीही मोठं मशीन आणा, संपणार नाही. पुन्हा पाठवण्याच्या ॲक्शनमध्येच काउंटर २ च्या आत असण्याची अट घाला. कन्झ्युमरही आधी २ च ठेवा.

अर्धवटराव
घातली. लगेच थांबलं, पण आता डेडलॉक म्हणतंय. टीएलसीचा बग आहे का?

चहाबाज
नाही हो. सगळे मेसेज पोचून काम संपलं, तरी पुढची पायरी नसेल तर टीएलसी त्याला डेडलॉकच म्हणतं. किंवा सगळे रिट्राय वाया गेले आणि त्यानंतर काय, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. एरर ट्रेसमधली (चुकीपर्यंतच्या पायऱ्यांच्या यादीतली) शेवटची स्टेट इथे डकवा.

अर्धवटराव
ट्रेस कुठे दिसतो?