मदत हवी आहे: आबासाहेबांच्या निवडणुकांची बेरीज अकरा येत नाही

कोरा_कागद
तातडीने मदत हवी आहे. सगळीकडे 'अकरा वेळा आमदार' असं लिहिलंय आणि माझ्या तक्त्यात दहाच येतात. तीनदा मोजलं. निवडणूक आयोगाचे सगळे निकाल उघडून एकेक ओळ उतरवून घेतली आहे. उद्या सकाळी भिंतीवरच्या फलकाचा मजकूर छपाईला द्यायचाय. कुणाकडे पूर्ण यादी असेल तर टाका. नेटवरचे लेख नकोत, ते वाचून झालेत आणि प्रत्येकात वेगळा आकडा आहे.

रानवारा
कोणते आबासाहेब? आर. आर. आबा म्हणत असाल तर तासगावहून १९९० ते २०१४ अशा सहाच निवडणुका होतात, अकरा कशा येतील?

माणदेशी
अकरा म्हटल्यावर सांगोल्याचेच. गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष. पण कोरा_कागद, तुमच्या दहा कोणत्या ते लिहा ना. त्याशिवाय कोणती राहिली ते कसं सांगणार?

कोरा_कागद
हो, गणपतरावच. अजून कोण असणार! माझी यादी: १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. १९७२ आणि १९९५ मध्ये विजयी म्हणून दुसरीच नावं आहेत. मग अकरावी कुठून आणायची?

मतपेटी
तुमची मोजणी बरोबर आहे, तुम्ही पाहिलेले कागद अपुरे आहेत. आयोगाचे जे सांख्यिकी अहवाल तुम्ही उघडलेत ते सार्वत्रिक निवडणुकांचे. मधल्या काळात झालेली पोटनिवडणूक त्यांत येत नाही. १९७२ ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले होते. त्यांच्या निधनाने जागा रिकामी झाली आणि १९७४ ला सांगोल्यात पोटनिवडणूक लागली. ती गणपतरावांनी जिंकली. क्रमाने धरलं तर तो त्यांचा तिसरा विजय.

म्हणजे लढवल्या तेरा, जिंकल्या अकरा, हरले दोन (१९७२ आणि १९९५). तेराही सांगोल्यातून, तेराही शेकापकडून.

कोरा_कागद
१९७४! दोन दिवस त्याच अहवालांत डोकं घालून बसलो होतो. धन्यवाद. मग आता 'सलग ५५ वर्षे आमदार' हा मथळा पक्का करतो.

गणितमास्तर
थांबा. त्या मथळ्यात 'सलग' चूक आहे आणि '५५' पण चूक आहे. आधीच्या पोस्टमध्ये हा मथळा सांगितला असतात तर बरं झालं असतं.

१९६२ ते १९७२ दहा वर्षं. १९७४ ते १९९५ एकवीस. १९९९ ते २०१९ वीस. एकूण एक्कावन्नच्या आसपास. अकराला पाचाने गुणलं की ५५ येतात, तो आकडा बहुधा तिथूनच सुरू झालाय. पण विधानसभा दर वेळी पाच वर्षं चाललेली नाही. १९७८ ची दोन वर्षांत संपली, कारण फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं. १९९५ ची मुदतीआधी विसर्जित झाली आणि १९९९ ला लोकसभेबरोबर निवडणूक झाली. उलट १९७२ ची सहा वर्षं चालली. ४२ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेची मुदत सहा वर्षं केली होती, ४४ व्या दुरुस्तीने ती परत पाच झाली. म्हणून निवडणूक १९७७ ऐवजी फेब्रुवारी १९७८ ला आली.

तक्त्यात 'निवडून आल्याचं वर्ष' आणि 'कार्यकाळ कधीपासून कधीपर्यंत' असे दोन वेगळे रकाने करा. एका रकान्यात दोन्ही कोंबलं की असेच घोळ होतात.

जुना_वाचक
पोटनिवडणुकीची नेमकी तारीख लागणार असेल तर सोपं आहे. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावीच लागते. काकासाहेबांच्या निधनाची तारीख मिळवा, पुढे सहा महिन्यांत शोधा.

मतपेटी
जुना_वाचक, हे १९७४ ला लागू करू नका. सहा महिन्यांची अट लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१ क मधली आहे आणि ते कलम १९९६ ला घातलं गेलं. त्याआधी अशी कालमर्यादाच नव्हती, जागा जास्त काळही रिकामी राहू शकायची. त्यावरून तारीख काढली तर चुकीची छापली जाईल.

कोरा_कागद, तारखेसाठी त्या काळातलं राजपत्र आणि विधानसभेची कार्यवाही बघा. नव्या सदस्याने शपथ घेतली की त्या दिवसाच्या कार्यवाहीत सुरुवातीलाच नोंद असते. विधानमंडळ सचिवालय 'सदस्यांचा संक्षिप्त परिचय' छापतं, त्यात प्रत्येक सदस्याच्या नावाखाली किती वेळा आणि कोणत्या साली निवडून आले ते दिलेलं असतं. १९७४ च्या नंतरचा कुठलाही खंड घ्या, पोटनिवडणूक धरून मोजलेली सापडेल.

जुना_वाचक
१९९६ चं लक्षात नव्हतं, बरोबर आहे तुमचं. पण माझं मत अजूनही हेच की तारीख टाकूच नये. वर्ष पुरे.

सूर्यफूल
शपथपत्रं का बघत नाही? त्यात मालमत्ता, शिक्षण, गुन्हे सगळं असतं. निवडणूक अधिकाऱ्याकडे नमुना २६ मध्ये भरलेलं असतं आणि आयोगाच्या संकेतस्थळावर स्कॅन मिळतं.

मतपेटी
त्यांनी मालमत्ता विचारलेली नाही. शिवाय ही शपथपत्रं २००३ च्या आदेशानंतरची, म्हणजे विधानसभेला २००४ पासून. १९६२ च्या तक्त्याला त्यांचा उपयोग नाही.

कोरा_कागद
मालमत्ता नको आहे. मतांची टक्केवारी मात्र टाकायची आहे, ते लिहायचं राहिलं. आणि पराभवांचं मताधिक्य. १९९५ ला किती मतांनी गेले?

माणदेशी
१९९५ ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी. १९९९ ला गणपतरावांनी त्यांच्याकडूनच जागा परत घेतली. २०१४ ला समोर शहाजीबापूच होते, तेव्हा शिवसेनेकडून. तिथे गणपतरावांचं मताधिक्य पंचवीस हजारांच्या घरात होतं. २०१९ ला गणपतराव उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख शेकापकडून लढले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवून जागा पुन्हा शेकापकडे आणली. ही शेवटची दोन वर्षं तक्त्यात घेऊ नका, नाहीतर वाचणारा तीही आबासाहेबांच्या नावावर मोजेल.

गणितमास्तर
टक्केवारी काढणार असाल तर भाजक कोणता ते आधी ठरवा आणि सगळ्या ओळींना तोच ठेवा. कागदी मतपत्रिकेच्या काळात झालेलं मतदान वेगळं आणि वैध मतं वेगळी, मध्ये बाद मतं असायची. अहवालात टक्केवारी वैध मतांवर असते. तुम्ही एका वर्षी झालेल्या मतदानाने भागलं आणि दुसऱ्या वर्षी वैध मतांनी, तर तुलना बिघडेल. २०१४ ला आणखी एक भानगड: 'नोटा'ची, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही'ची ओळ आली. ती उमेदवारांच्या यादीत शेवटी दिसते, पण ते कुणाला पडलेलं वैध मत नव्हे.

अलीकडच्या वर्षांना नमुना २०, म्हणजे अंतिम निकालपत्रक वापरणार असाल तर शेवटचं पान बघा. मतदान केंद्रागणिक ओळी संपल्या की खाली यंत्रांवरच्या मतांची बेरीज, त्याखाली टपाली मतं आणि त्याखाली एकूण. घाईत पहिल्या बेरजेवरून मताधिक्य काढलं जातं. पंचवीस हजारांच्या फरकात कुणाच्या लक्षात येत नाही, पाच-सातशेच्या फरकात ताबडतोब चूक दिसते.

जुना_वाचक
नाव शोधताना आडनाव आधी टाकून बघा, बऱ्याच जुन्या याद्यांत 'देशमुख गणपतराव' असा क्रम असतो. गावाचं नावही 'सांगोला' आणि 'सांगोले' दोन्ही शोधा. मतदारसंघाच्या क्रमांकावर विसंबू नका. आज सांगोला २५३ आहे, पण १९६२ ला सभागृहच २६४ जागांचं होतं, १९६७ ला २७० झालं आणि १९७८ पासून २८८. प्रत्येक पुनर्रचनेत क्रमांक हलतात. विधानसभेचा क्रमांकही टाकू नका. १९६० ते १९६२ ची पहिली धरतात, म्हणून १९६२ ची दुसरी होते. बरेच जण १९६२ पासून पहिली मोजतात आणि पुढचं सगळं एकाने चुकतं.

रानवारा
अवांतर, पण राहवत नाही. आकड्यांत माणूस हरवू देऊ नका. मुंबईला अधिवेशनाला एसटीने येणारा आमदार म्हणून लोक त्यांना ओळखतात. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीची पाणी परिषद वर्षानुवर्षं चालवली, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून. सांगोल्याची सूतगिरणी आहे. हे पाणी आणि ही गिरणी नसती तर अकरा वेळा कुणी निवडून दिलं असतं?

माणदेशी
रानवारा, मनातलं बोललात. टेंभू आणि म्हैसाळ या दोन पाणीयोजनांच्या नावांशिवाय सांगोल्याची कुठलीही निवडणूक समजत नाही. पण त्याला वेगळा फलक लागेल, तक्त्यात बसणार नाही.

कोरा_कागद
तो मजकूर दुसऱ्या फलकावर आहे. आता फक्त हे सांगा: 'करुणानिधींचा विक्रम मोडणारे, देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार' हे वाक्य ठेवू ना? २०१४ ला सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं.

मतपेटी
ठेवू नका. करुणानिधींचे विजय मोजा: १९५७, १९६२, १९६७, १९७१, १९७७, १९८०, १९८९, १९९१, १९९६, २००१, २००६, २०११. २०१४ पर्यंतच बारा झाले होते, २०१६ ला तेरावा. 'करुणानिधींचा दहा विजयांचा विक्रम मोडला' ही बातमी तेव्हाही चूक होती.

माणदेशी
करुणानिधी मतदारसंघ बदलत गेले. कुळितलै, तंजावर, सैदापेट, पुढे चेपॉक, तिरुवारूर. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा, हा विक्रम आबासाहेबांचाच.

मतपेटी
तोही नाही. केरळचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ तेरा वेळा निवडून आले. १९६५ ची विधानसभा भरलीच नाही म्हणून ती वगळली तरी बारा. ओमन चांडी पुदुपल्लीतून १९७० ते २०२१ सलग बारा वेळा.

माणदेशी
मणींचा केरळ काँग्रेस किती वेळा फुटला ते बघा. चांडीसुद्धा १९८० ला काँग्रेसच्या दुसऱ्या गटात होते. एकच मतदारसंघ आणि एकच पक्ष, दोन्ही अटी धरल्या तर आबासाहेबच पुढे. शेकापसारख्या लहान पक्षात राहून! २०१४ ला त्या पक्षाचे राज्यात तीनच आमदार होते.

गणितमास्तर
माणदेशी, ही निष्ठा फार मोठी आहे, ती फलकावर यायलाच हवी. पण जो विक्रम सांगताना दोन अटी जोडाव्या लागतात तो मथळ्यात टिकत नाही. कुणीतरी केरळची यादी घेऊन येईल आणि बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका घेईल. 'महाराष्ट्र विधानसभेवर सर्वाधिक, अकरा वेळा' एवढं निर्विवाद आहे. बाळासाहेब थोरात आठवर थांबले, कालिदास कोळंबकर २०२४ ला नऊवर आले. कोळंबकरांच्या नऊमध्येही एक पोटनिवडणूक आहे, ती विसरून लोक आठ मोजतात. तुमचाच घोळ.

सूर्यफूल
पेन्शन मात्र निवडणुकांवर नाही, वर्षांवर मोजतात. पाच वर्षांच्या पुढे प्रत्येक वर्षाला वाढ मिळते.

कोरा_कागद
सगळ्यांचं ऐकून नवा मजकूर केला. मथळा: 'सांगोल्यातून अकरा वेळा, महाराष्ट्र विधानसभेत सर्वाधिक'. खाली तेरा ओळी, पराभवासकट. उपमथळा: 'एक मतदारसंघ, एक पक्ष, तेरा निवडणुका'. कार्यकाळ १९६२-७२, १९७४-७७, १९७८-९५, १९९९-२०१९. मंत्रिपद दोनदा, १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ च्या विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. टक्केवारी फक्त वैध मतांवर, १९७४ ची मिळाली नाही तर तो चौकोन रिकामा ठेवतो.

माणदेशी
उपमथळा आवडला. पराभव ठेवलेत हे फार चांगलं केलंत.

मतपेटी
१९७४-७७ नाही, १९७४-७८. गणितमास्तरांनी वर सांगितलं तेच, ती विधानसभा सहा वर्षांची झाली होती. पोटनिवडणुकीत आलेल्याला मूळ सभागृहाची उरलेली मुदत मिळते, म्हणजे १९७८ पर्यंत. तसं केलंत की १९७४ ते १९९५ एकच अखंड पट्टा होतो.

आणि १९७४ च्या ओळीत 'पोटनिवडणूक' हा शब्द पूर्ण लिहा. तारांकन करून तळटीप देऊ नका, भिंतीवरच्या फलकाची तळटीप कुणी वाकून वाचत नाही.

कोरा_कागद
दोन्ही दुरुस्त केलं. फाइल पाठवतोय.