हायवे २५ वरचे मोठे पक्षी: गरुड की कॉन्डर?

नमस्कार मंडळी,
शनिवारी कॅलिफोर्नियातल्या पिनॅकल्स नॅशनल पार्कला जाताना हॉलिस्टरच्या पुढे, रँचच्या टेकड्यांवर चार-पाच मोठे काळे पक्षी घिरट्या घालत होते. मुलं म्हणाली कॉन्डर (मेलेली जनावरं खाणारं इथलं प्रचंड गिधाड), मी म्हटलं गरुड. खात्रीची खूण कोणती? फोटो जोडलाय, पण त्यात नुसते ठिपके दिसतायत.
(सनीवेल)

---

वहिनी,
चार-पाच एकत्र म्हणजे बहुधा टर्की व्हल्चर, म्हणजे इथलं नेहमीचं गिधाड. पंख व्हीसारखे वर उचललेले, आणि वारा लागला की हा पक्षी दोन्ही बाजूंना डुलतो. पंखांची मागची बाजू खालून रुपेरी-करडी दिसते.

गोल्डन ईगल, म्हणजे इथला सोनेरी गरुड, डुलत नाही. पंख किंचितच उचललेले, अंग एकसारखं गडद, मानेवर ऊन पडलं तर सोनेरी झाक. कोवळ्या वयात पंखांत आणि शेपटीच्या मुळाशी पांढरं असतं. कॉन्डर मात्र पंख सपाट ताणून संथ तरंगतो, फडफड जवळपास नाहीच. पंखांचा पसारा साडेनऊ फूट, खालून पुढच्या बाजूला पांढरे त्रिकोण (वयात आलेल्याचे), आणि बहुतेकांच्या पंखावर नंबराचा बिल्ला. बिल्ला दिसला की प्रश्नच मिटला.

रँच गाडीतून ओसाड वाटते, पण गुरांनी चरून गवत आखूड ठेवलं की तिथे ग्राउंड स्क्विरल (जमिनीत बिळं करणाऱ्या खारी) माजतात, आणि ईगलचं पोट मुख्यतः त्यांच्यावर चालतं. आपल्या लिव्हरमोरजवळच्या आल्टामाँट भागात तर ईगलची घरटी फार दाट आहेत. त्याच टेकड्यांवर पवनचक्क्या उभारल्या, आणि त्यांच्या पात्यांनी कितीतरी ईगल मेले. जागा निवडताना कुणी वर बघितलं नाही, असंच म्हणावं लागेल.

---

काका, कॉन्डर इतके कमी का?
(फ्रीमाँट)

---

मुख्य कारण शिसं. गोळी लागलेलं जनावर माळावर पडून राहतं, त्यातले शिशाचे कण कॉन्डरच्या पोटात जातात. १९८२ मध्ये जगात २२ उरले होते. १९८७ पर्यंत सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले, १९९२ पासून परत सोडायला लागले. आता पिंजऱ्यातले धरून पाचशेच्या वर आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या चालत नाहीत, तरी विषबाधा थांबलेली नाही. भारतात आपल्या गिधाडांना डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने असंच मारलं: औषध गुराला दिलेलं, ते मेलेलं गुरू खाऊन मेलं गिधाड. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता.

---

सहल समितीकडून:
पुढची सहल पूर्वेच्या दाराने, म्हणजे हायवे २५ वरूनच. पार्कातून आरपार रस्ता नाही. पश्चिमेच्या दाराशी गेलात तर चुकामूक होईल. कॅम्पग्राउंडच्या आग्नेयेकडच्या डोंगरधारेवर कॉन्डर सकाळी लवकर आणि संध्याकाळी दिसतात. वाटेतले ईगल बघायचे तर दहानंतर, जमीन तापून हवा वर चढायला लागली की. रँच खासगी आहेत, कुंपण ओलांडू नका, वळणावर गाडी थांबवू नका. दुर्बीण असेल त्यांनी आणावी. डबे घरून, पार्कात जेवणाची सोय धरू नका.