पाऊस नाही, तरी भिंतीवर बुरशी! दर उन्हाळ्यात परत येते

प्रश्न (जुळे सोलापूर)
बेडरूम आणि बाथरूमच्या मधली भिंत. कपाटामागे तीन-चार फुटांपर्यंत काळे ठिपके, स्कर्टिंगच्या वर पांढरी पावडर. सुरुवात एप्रिल-मेमध्येच होते. दोनदा ब्लीचने पुसून, बुरशीरोधक प्रायमर लावून रंग दिला, वर्षभरही टिकत नाही. कूलर याच खोलीत आहे. वॉटरप्रूफिंग करून घ्यावं का?

उत्तर १
थांबा, आधी ओल कुठली ते ठरवा. एक फूट चौरस जाड प्लास्टिक घेऊन चारही कडा टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या मागे थेंब धरले तर पाणी भिंतीत आहे. मागची बाजू कोरडी राहिली तर बहुधा खोलीतली हवाच दमट आहे.

एप्रिल-मे म्हणताय म्हणजे कूलरवर संशय घ्यायलाच हवा. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून कूलर चालतो. पण समोरची खिडकी बंद असेल तर ओली हवा बाहेर जाणार कुठून? ती कपाटामागे जाऊन बसते, तिथे वाराच नाही. कूलर खिडकीत बसवा, समोरची खिडकी निदान वीतभर उघडी ठेवा. बंद करण्याआधी अर्धा तास पंप बंद करून नुसता पंखा चालवा. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे घ्या. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो. आकडा ६०% च्या खाली राहायला हवा.

उत्तर २
वरचं काळ्या ठिपक्यांसाठी बरोबर. पांढरी पावडर मात्र वेगळी भानगड. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे क्षार. त्यावर ब्लीचचा काही उपयोग नाही. धुऊ नका, क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. कोरड्या ब्रशने झाडून काढा.

लोणा आहे म्हणजे भिंतीतून पाणी येतंय. रात्री सगळे नळ बंद करून वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी खाली गेली तर पाइप किंवा एखादा नळ गळतोय. तशीच राहिली तर बाथरूमच्या टाइल्सचे सांधे आणि नहाणी ट्रॅपची (जमिनीवरचं पाणी जायच्या जाळीची) कड तपासा, बहुतेक वेळा तिथेच फट निघते. जुने सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (टाइल्सच्या फटींत भरायचा, पाणी न शोषणारा मसाला) भरा. बेडरूमच्या बाजूने वॉटरप्रूफिंग केलंत तर पाणी आतच कोंडतं आणि दोन फूट वर निघतं. पैसे वाया.

प्रश्नकर्ता
टाकीची पातळी तशीच आहे. प्लास्टिकच्या मागे खाली थेंब, वर कोरडं. मग दोन्ही कारणं?

उत्तर २
हो, दोन्ही. आधी ग्राउट. मग भिंत उघडी ठेवून वाळू द्या, महिना-दोन महिनेही लागतील. परत प्लास्टिक लावून बघा. कोरडं आल्याशिवाय पुट्टी नको. खालच्या भागाला पीओपी तर अजिबात नको, ते ओल धरतं.

उत्तर ३
बुरशी कोरडी खरवडू नका, कण घरभर उडतात. एन-९५ मास्क लावा, साबणाच्या पाण्याने भिजवून मगच पत्र्याने खरवडा. नंतर ४ लिटर पाण्यात एक कप ब्लीच, दहा मिनिटं ठेवून पुसा, खिडक्या उघड्या. पोपडे निघालेला रंग पूर्ण काढा. त्यावर नवा रंग दिला की तोही सुटतो.

आणि लोणा घालवायला कुणी ॲसिड सुचवलं तर ब्लीच वापरलेल्या भिंतीवर ते चुकूनही नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.