मदत हवी आहे: 'व्हाइट ख्रिसमस'च्या रेकॉर्डवर रोझमेरी क्लूनीचा आवाजच नाही

सूरवेडा
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. रविवारी आमच्या श्रोतृमंडळात कार्यक्रम आहे. त्यासाठी अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बीची रेकॉर्ड खटपट करून मिळवली. काल लावून पाहिली तर बाईचा आवाज भलताच! मला गायिका रोझमेरी क्लूनी हवी आहे, सिनेमात गाते तशीच. दुकानदार शपथेवर सांगतो की माल अस्सल आहे. अशा बनावट रेकॉर्डी निघत होत्या का? खरी कुणाकडे असेल तर लगेच सांगा. 'नेटवर शोधा' सांगू नका, ते करून झालंय.

प्राची_ठाणे
एलपी आहे की सीडी? कुठल्या कंपनीची? कुठलं गाणं खटकलं? काहीच लिहिलं नाहीत तर सांगणार कसं?

मुसाफिर
अहो, 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणं मुळात १९४२ च्या 'हॉलिडे इन'मधलं. ऑस्करही त्यालाच मिळालं. त्या सिनेमात क्लूनी नव्हतीच, मग आवाज कुठून येणार? आणि क्रॉस्बीचं जे ध्वनिमुद्रण आपण नेहमी ऐकतो ते १९४७ चं आहे. १९४२ च्या मुद्रणाच्या इतक्या प्रती काढल्या की मास्टर, म्हणजे प्रती काढायची मूळ तबकडी, झिजली. मग जॉन स्कॉट ट्रॉटरचा वाद्यवृंद आणि केन डार्बीचं गायकपथक पुन्हा बोलावून तेच गाणं तसंच्या तसं गाऊन घेतलं. माझ्या मते कार्यक्रमात ही दोन्ही मुद्रणं एकापाठोपाठ लावा. लोकांना खरी मजा त्यात येईल.

सूरवेडा
मी १९४२ चं विचारलेलंच नाही. १९५४ चा सिनेमा. क्रॉस्बी, डॅनी के, क्लूनी, व्हेरा-एलन. एलपी आहे. कव्हरवर सिनेमाचं नाव आहे, गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिनचं नाव आहे. 'सिस्टर्स' गाण्यात आवाज वेगळा, आणि क्लूनीचं काळ्या झग्यातलं क्लबातलं गाणं आहे ना, त्यातही वेगळा.

प्राची_ठाणे
कंपनी?

सुईवाले_काका
आवाज भलता येतो म्हणजे आधी सुई बघा. झिजलेल्या सुईने वरच्या पट्टीतला आवाज चिरका होतो. मग वेग तपासा. पट्टा ढिला असेल तर बाईचा आवाज बसका लागतो. रेकॉर्ड कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसून सावलीत उभी वाळवा. स्पिरिट लावू नका.

सूरवेडा
काका, सुई नवी आहे, वेगही बरोबर आहे. क्रॉस्बी अगदी क्रॉस्बीसारखा ऐकू येतो. लेबलवर डेका लिहिलंय.

जुनी_तबकडी
डेका म्हणालात, मग प्रश्नच मिटला. रेकॉर्ड अस्सल आहे. तो आवाज पेगी लीचा. कव्हरवर तिचं नाव असणार, बघा.

झालं असं की सिनेमा पॅरामाउंटचा, पण गाण्यांच्या रेकॉर्डींचे हक्क डेकाकडे. क्रॉस्बी आणि डॅनी के डेकाचेच गायक, त्यामुळे त्यांची अडचण नव्हती. क्लूनी मात्र कोलंबिया या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी करारबद्ध होती आणि कोलंबियाने तिला सोडलं नाही. मग डेकाने तिच्या जागी पेगी लीला घेऊन गाणी नव्याने मुद्रित केली. कोलंबियाने त्याच वर्षी क्लूनीचा स्वतंत्र अल्बम काढला, त्यात बर्लिनची हीच गाणी. त्यावर क्रॉस्बी नाही, के नाही. म्हणजे १९५४ साली पडद्यावरचे आवाज एकत्र ऐकायचे तर थिएटरातच जावं लागे.

मुसाफिर
मग डेकाच्या अल्बमला सिनेमाचा अल्बम म्हणणं ही फसवणूकच झाली. घेणाऱ्याला वाटणार, सिनेमातलंच ऐकतोय.

जुनी_तबकडी
फसवणूक कशी? नाव लपवलेलं नाही. आणि पेगी ली काय साधी गायिका आहे? ते क्लबातलं गाणं, 'लव्ह, यू डिडन्ट डू राइट बाय मी', ती जवळजवळ कुजबुजत म्हणते. क्लूनीच्या आवाजात दुखावलेपण भरभरून आहे, लीने ते आत दाबून धरलंय. मला ली जास्त लागते. कार्यक्रमात दोन्ही ऐकवा आणि लोकांना ठरवू द्या.

प्राची_ठाणे
माझं मत उलट. क्लूनीची सिनेमातली भूमिका, बेटी, तोंडावर स्पष्ट बोलणारी आहे. तिला कुजबूज शोभत नाही. क्लूनीच हवी.

सुनंदा_वसई
व्हेरा-एलन सिनेमात स्वतः जवळजवळ गायलेलीच नाही हे कुणी लिहिलं नाही. तिला ट्रुडी स्टीव्हन्सचा आवाज दिलाय. पार्श्वगायन तिकडेही होतं! आपल्याकडे 'महल'च्या (१९४९) रेकॉर्डवर लताबाईंच्या जागी 'कामिनी' छापलं होतं, मधुबालाच्या भूमिकेचं नाव. तसाच प्रकार हा.

जुनी_तबकडी
तसाच नाही, ताई. 'महल'मध्ये आवाज तोच होता, नाव दुसरं छापलं. इथे नाव खरं आहे, आवाजच दुसरा आहे.

सुनंदा_वसई
ऐकणाऱ्याचा गोंधळ तोच ना! गाणाऱ्याला श्रेय मिळालं पाहिजे, एवढंच मला म्हणायचंय. ट्रुडी स्टीव्हन्सला पडद्यावर कुठे मिळालं?

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत दर डिसेंबरात हा सिनेमा टीव्हीवर लागतो. पण टीव्हीवर बघूच नका. व्हिस्टाव्हिजन या रुंद पडद्याच्या तंत्रातला हा पहिला सिनेमा, मोठ्या पडद्यासाठी काढलेला. डॅनी केची भूमिका आधी फ्रेड अॅस्टेअरकडे होती. त्याने नाकारली म्हणून डॉनल्ड ओ'कॉनरला घेतलं, तो आजारी पडला, मग के आला. माझ्या मते तुमचा कार्यक्रम चित्रासकटच व्हावा.

सूरवेडा
आमच्याकडे पडदा नाही, फक्त रेकॉर्ड प्लेअर. आणि माझा प्रश्न बाजूला राहतोय. जुनी_तबकडी, तुमचे मनापासून आभार. दुकानदाराला मी बरंच बोललो होतो, आता फोन करून सांगतो. मग कोलंबियाच्या अल्बमवर 'सिस्टर्स' सिनेमातलंच आहे का? आणि 'काउंट युअर ब्लेसिंग्ज'मध्ये क्रॉस्बी-क्लूनी दोघांचा आवाज एकत्र कुठे मिळेल? मला ते गाणं फार प्रिय आहे, ते चुकलेलं चालणार नाही.

जुनी_तबकडी
कोलंबियाच्या अल्बमवर 'सिस्टर्स' क्लूनीने आपल्या सख्ख्या बहिणीबरोबर गायलंय, तिचंही नाव बेटीच. दोघी लहानपणापासून जोडीने गात होत्या. सिनेमातलं मुद्रण ते नाही, पण जरूर ऐका, मला तर ते जास्त गोड वाटतं. 'काउंट युअर ब्लेसिंग्ज' डेकावर क्रॉस्बी एकटा, कोलंबियावर क्लूनी एकटी. एकत्र हवं तर सिनेमाच्या डिस्कवरून आवाज घ्या. स्पीकरला जोडलं की झालं, पडदा लागत नाही.

मुसाफिर
ते गाणं एडी फिशरनेही गायलंय, त्याच वर्षी, आणि चांगलं चाललं होतं. ऑस्करच्या नामांकनातही गाणं होतं, पण मिळालं 'थ्री कॉइन्स इन द फाउंटन'ला. अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे.

प्राची_ठाणे
सूरवेडा, कोलंबियाची दहा इंची एलपी माझ्या मामांकडे आहे. ते रेकॉर्ड बाहेर देत नाहीत, पण स्वतः घेऊन येतील. कार्यक्रम कुठल्या गावात, किती वाजता? तेही लिहिलं नाहीत.

सूरवेडा
डोंबिवली पूर्व, संध्याकाळी पाच. मामांना नक्की घेऊन या. त्यांच्याच हाताने लावू.

सुईवाले_काका
दहा इंची लावताना प्लेअर स्वयंचलित असेल तर ते बंद करा. काही प्लेअर बारा इंच समजून सुई काठाबाहेर टाकतात.