व्हर्जिनिया साधीच ओढावी, सुगंधी लेपाची नको

मांडवीकाठ :
गेल्या आठवड्यात इथे एकाने लिहिलं की साध्या व्हर्जिनियाने, म्हणजे लेप न दिलेल्या पिवळ्या पानाच्या तंबाखूने, नुसती जीभ पोळते, नवख्याने चेरी-व्हॅनिलाचा लेप दिलेली पाईप तंबाखूच घ्यावी. मला हे मुळीच पटत नाही.

व्हर्जिनियाची गोडी पानातलीच असते. पानं बंद कोठारात टांगतात आणि लोखंडी नळ्यांतून उष्णता देतात, धूर पानाला लागू देत नाहीत. आधी मंद आचेवर पान पिवळं पडतं, त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग आच वाढवून पान सुकवलं की ती साखर तशीच राहते. पिवळ्या पानाची ही वाट 1839 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात सापडली. स्लेड नावाच्या मळेवाल्याकडे स्टीफन नावाचा गुलाम होता. त्याने विझत आलेल्या आगीत कोळसा टाकला, त्या कडक उष्णतेने पानं सोनेरी झाली, असं सांगतात. एवढ्या खटाटोपातून आलेली चव व्हॅनिलाखाली दडपायची कशाला? काजूच्या फेणीत आपण सरबत ओततो का?

चव लागत नाही म्हणणाऱ्यांनी फ्लेक घेऊन बघावी. दाबून, चकत्या कापून केलेली तंबाखू. बोटांनी हलकेच सुटी करायची, पाईपच्या वाटीत तळाला सैल आणि वर जरा घट्ट भरायची. पहिल्या काडीला ती फुगून वर येते, तेव्हा टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दांडीने, अलगद दाबून दुसरी काडी लावायची. सुरुवातीला सुक्या गवताचा वास, थोडा लिंबाच्या सालीचा. अर्ध्यावर आलं की पोदेराच्या (पाववाल्याच्या) ताज्या पावाच्या कवचासारखं काहीतरी. तांबड्या व्हर्जिनियात मनुका, अंजीर. हे सगळं मिळतं ते पाईप जेमतेम पेटता ठेवला तरच. वाटी हातात धरवत नसेल इतकी तापली, तर ओढणारा घाई करतोय.

फोंडेकर :
फेणीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं, बाब. दुकशिरीचं मूळ घातलेली फेणी आमच्याकडे जुनी माणसं औषध म्हणून आणि आवडीनेही घेतात. तिला फेणी नाही म्हणाल?

आणि तुम्ही गोव्याच्या हवेचा विचारच केलेला नाही. जुलैत इथे मीठ पाणी सोडतं, पापड मऊ पडतात. त्या हवेत डबा उघडला की तंबाखू ओल धरते. ओली व्हर्जिनिया पेटत नाही, म्हणून माणूस जोरात ओढतो आणि तोंडात गरम वाफ येते. त्यात हिच्यात साखर जास्त. जीभ पोळणारच! मी लटाकिया तंबाखूचं मिश्रण ओढतो, ते पान लाकडाच्या धुरावर धरलेलं असतं. संथ जळतं, जिभेला त्रास नाही.

मांडवीकाठ :
दुकशिरीला माझी ना नाही. पण फेणी कशी लागते हे कळायला आधी साधी फेणी घ्यावी लागते, तेवढंच म्हणतोय.

ओलीचं खरं, पण त्यावर उपाय आहे. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. त्या दिवसापुरती चिमूट काढून एसीच्या खोलीत कागदावर पसरा. दोन बोटांत दाबून सोडली की हळूहळू उलगडली पाहिजे. गोळा झाला तर अजून ओली, चुरा झाला तर जास्त सुकली. बरणीतली व्हर्जिनिया वर्षागणिक मुरते. सुगंधी लेपाचा वास तर काही काळाने उडूनच जातो.

डिचोलीची_लेक :
तुम्ही दोघं गोडी, मुरणं, मनुका यांवर इतकं जीव लावून लिहिताय, आणि नवखे वाचतायत. आमच्या काकांनी आयुष्यभर पाईप ओढला. धूर छातीत कधी घेतला नाही, हे ते अभिमानाने सांगायचे. घशाच्या कर्करोगाने गेले. शेवटी पेजसुद्धा उतरत नव्हती. पाईपनेही तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा, फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने कधीच सिद्ध केलंय. हे वाक्य तुमच्या लिखाणात पहिलं हवं होतं.

मांडवीकाठ :
ताई, काकांचं वाचून वाईट वाटलं. धोका मी नाकारत नाही. जो ओढत नाही त्याने सुरू करावं, असंही मी कुठे म्हटलेलं नाही. पण जो ओढणारच आहे त्याने घाऊक ओढण्यापेक्षा थोडं, नीट चव घेऊन ओढावं, याला तुमचा आक्षेप का?

फोंडेकर :
ताईंचं म्हणणं रास्त आहे, पण हा धागा चवीचा आहे. 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे, आम्ही घरच्या बाल्कनीत बसतो.

डिचोलीची_लेक :
बाल्कनीत घरची माणसंही असतात, भाऊ. धूर कठड्यापाशी थांबत नाही.

आणि मांडवीकाठ, आक्षेप का ते सांगते. व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून सिगारेट ओढणारा धूर आत घेतो, आणि सिगारेटीत मुख्यतः हीच तंबाखू असते. असा माणूस पाईपकडे वळला की जुन्या सवयीने तो धूरही छातीत ओढतो. त्याला ‘सावकाश ओढ, जीभ पोळणार नाही’ सांगून तुम्ही फक्त त्याची जीभ वाचवताय.